पानांचं अस्तर

१२ ऑगस्ट

मामा,

‘तीर्थरूप’ लिहिलं की तू म्हणतोस, इतक्यात देव्हाऱ्यात बसवू नको. म्हणून नुसतंच मामा.

नोकरीला तीन महिने झाले. मी हॉस्पिटलात आहे, एवढं आईने तुला सांगितलंच असेल. ती सगळ्यांना तेवढंच सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते. घरातली पहिली पदवी, तिची सुरळी अजून कपाटात, आणि पोरगी करते काय तर मालिश. तेव्हा मीच नीट सांगते. आमच्या दारावर ‘पूरक उपचार’ अशी पाटी आहे. तिची अक्षरं इतकी वाईट आहेत की तू बघितलीस तर आत पाऊल टाकणार नाहीस. ज्यांचे मोठे, लांबलचक उपचार चालू आहेत ते पेशंट डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांच्या हातांना, पायांना, पाठीला तेल लावून हलकं चोळते. आम्ही कुणाला बरं करत नाही, ते काम डॉक्टरांचं. पण सुया टोचून टोचून ज्याचं अंग आक्रसलंय, त्याला कुणीतरी अर्धा तास न टोचता हात लावला की त्याचा श्वास खाली उतरतो. खांद्यातून पोटात. हे मी रोज बघते आणि रोज थक्क होते.

आता मुद्द्याचं. परवा दोन पेशंटच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली म्हणून मी स्वतःच त्या टेबलावर उताणी पडले. तीन महिने त्या खोलीत उभी आहे, पण पेशंटला काय दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. पांढरं छत. ओलीचा पिवळा डाग. पंखा काढून नेल्यावर उरलेला हुक. आयुष्यातले सगळ्यात अवघड महिने माणूस त्या हुकाकडे बघत काढतो, मामा.

माझी रंगांची पेटी इथे आणल्यापासून पलंगाखाली आहे. मला वाटत होतं, मोठं झाल्यावर एकच काय ते निवडायचं असतं, आणि मी तेल निवडलं. त्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं की मला दोन्ही एकाच खोलीत करता येईल. मला ते छत रंगवायचंय.

मोठ्या सिस्टरांना विचारलं. वॉर्ड त्यांच्या ताब्यात आहे आणि त्यांना बघून डॉक्टरसुद्धा शर्ट खोचतात. त्या म्हणाल्या, ऑक्टोबरात वायरिंगसाठी खोली बंद राहणार आहे, त्यातले शेवटचे पाच दिवस तुझे, १७ ते २१. नीट जमलं नाही तर वरून पांढरा मारून घेईन.

पेशंटांना विचारलं, वर काय बघायला आवडेल? सगळे ढग म्हणाले. फक्त टेलरकाका वेगळं बोलले. हे जन्मभर शिवणकाम केलेले गृहस्थ, मणक्याच्या दुखण्याने पाच महिने आडवे आहेत. म्हणाले, “झाडाखाली निजल्यासारखं कर. पण पोरी, अस्तर दिसलं पाहिजे. अस्तर विसरलीस तर सगळं फुकट.”

छत मी कधी रंगवलेलं नाही. येशील ना?

तुझी भाची


२० ऑगस्ट

चिरंजीव डिग्री,

पत्र पोचलं. तुझी आई फोनवर सांगत होती, पोरगी हॉस्पिटलात हुद्द्यावर आहे. हुद्दा म्हणजे पाय चेपणं, हे आत्ता कळलं. आणि पूरक म्हणजे काय गं? परीक्षेत मुख्य पेपर भरला की मागून घेतात ती पुरवणी का? तुझ्या हाताला वळण लावायला मला आठ वर्षं लागली. तो हात आता तेलात. रंगालाही तेल लागतं म्हणा, पण ते निराळं.

असो. भाचीची चेष्टा केली नाही तर मामा कसला.

तुझा टेलर शहाणा माणूस दिसतो. कपड्यातला असून त्याला रंगाचं मर्म कळतं. अस्तराशिवाय रंग म्हणजे पायाशिवाय घर, आज लावा, उद्या पोपडे गोळा करा. आधी जुना रंग खरवडायचा. डागाच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, सुकली की काचपेपरने घासायची. मग अस्तराचा एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. घाई करायची नाही. ‘दिसलं पाहिजे’ म्हणाला ते मात्र डोक्यात शिरलं नाही. अस्तर दिसलं तर रंगारी नालायक. आजारी माणूस आहे, बोलून गेला असेल.

दुसरं. तुझ्या पत्रातल्या शिरोरेघा बघून मला चक्कर आली. हजारदा सांगितलंय, आधी पानभर रेघा, मग त्यांना खालून अक्षरं टांगायची. पाटी रंगवणारा तशीच लिहितो. तुम्ही शिकलेले लोक आधी अक्षरं उभी करता आणि मग एकेकाच्या डोक्यावर टोपी ठेवत जाता.

मी १६ ला संध्याकाळी पोचतो. पाच दिवस शिडीवर मी, खाली तू. मामी म्हणते, तिथे पोरीला ओरडू नका. बघू.

मामा


३० ऑगस्ट

मामा,

येतोस हे वाचून मी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत जवळजवळ धावत गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “मामा रंगारी आहेत की जादूगार?” मी म्हटलं, दोन्ही.

पुरवणीबद्दल एकच सांगते. पुरवणी तोच घेतो ज्याला अजून काही सांगायचं उरलेलं असतं.

काल एक बाई आल्या होत्या. त्यांच्या तळहातावर मी अंगठा दाबला. दाबलेली जागा पांढरी पडली. अंगठा उचलला तशी कडांकडून गुलाबी आत सरकत आली, ओल्या कागदावर रंगाचा थेंब सोडल्यासारखी. हे मी दिवसातून शंभरदा करत असेन, पण पाहिलं काल. आपण बाहेरून रंग लावतो, मामा. इथे आतून कुणीतरी लावत होतं, आणि किती अचूक. मी तो हात धरून तशीच थांबले. बाई घाबरल्या. काय झालं, काही वाईट दिसलं का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो, फार छान दिसलं. त्या म्हणाल्या, “ह्या इमारतीत माझ्याबद्दल हे पहिल्यांदाच कुणी बोललं.”

घरी येऊन पेटी पलंगाखालून ओढली. दोन नळ्या वाळून दगड झाल्यात, बाकीच्या जिवंत आहेत. तो गुलाबी काही जमला नाही. सात वेळा करून बघितला.

टेलरकाका तुझी चौकशी करतात. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला शिंगासारखं कडक आहे, आणि पाठ एका खांद्याकडे झुकलेली, जन्मभर मशीनवर वाकलेली. पाठीवरून हात फिरवला की माणसाने काय काय केलं ते वाचता येतं. तुझीही वाचायचीय एकदा, तू ओरडला नाहीस तर.

सामानाची यादी पाठव. शिडी इथली आहे, पण तिची एक पायरी डुगडुगते.

तुझी भाची


२४ सप्टेंबर

मामा,

हे तिसरं पत्र, आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही. घरी फोन केला तर मामी म्हणते कामावर गेलेत. परवा केला तरी कामावर, रविवारी केला तरी कामावर. रविवारी तू दुकानाचं शटर उघडलेलं माझ्या जन्मात मी पाहिलं नाही.

तेव्हा मला काय वाटतं ते लिहूनच टाकते. तुला माझं काम कमीपणाचं वाटतं. चेष्टा चेष्टेत ते तू सांगितलंसच, मीच हसण्यावारी नेलं. ज्या पोरीला आठ वर्षं हात धरून शिकवलं ती लोकांचे पाय धरते, आणि वर म्हणते छत रंगवायला या. नाक मुरडणारी माणसं मला घरात कमी नाहीत. बाबांना तर अजून वाटतं मी कधीतरी ऑफिसात जाईन. पण तू तसा नसशील अशी माझी समजूत होती.

यायचं नसेल तर तसं सरळ लिही. छत मी करीनच, वाईट झालं तरी करीन. फक्त ‘कामावर गेलेत’ नको.

तुझी भाची


१ ऑक्टोबर

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. पत्रं मिळाली. इकडे सर्व ठीक आहे. कामाची गर्दी फार असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. तुझ्या कामाबद्दल माझ्या मनात काही नाही, तसा गैरसमज करून घेऊ नये. परंतु १६ तारखेस येणं जमेल असं वाटत नाही. तू हुशार आहेस, तुझं तू करशील. अस्तराचे दोन हात द्यायला विसरू नको. तब्येतीची काळजी घे.

तुझा मामा


५ ऑक्टोबर

मामी,

हे पत्र तुझ्या नावाने टाकतेय, कारण आलेलं पत्रही तूच लिहिलं होतंस.

आधी वाटलं, मामा रागावलाय म्हणून इतका गुळगुळीत लिहितोय. एक टोमणा नाही, मला ‘डिग्री’ म्हटलेलं नाही. मग कागद खिडकीपाशी नेला. शिरोरेघा नंतर ओढलेल्या आहेत. शब्द लिहायचा आणि वर टोपी ठेवायची, प्रत्येक शब्दाची वेगळी. एका ठिकाणी रेघ ‘काळजी’च्या ‘ळ’ला चाटून खाली उतरलीय. मामाच्या हातून मेला तरी असं व्हायचं नाही. अक्षर त्याच्यासारखं काढायला तू किती कष्ट घेतलेस तेही दिसतं. कागद दुसऱ्या बाजूने उमटलाय, इतकं दाबून लिहिलंयस.

मामाला काय झालंय?

मी त्याला वेडंवाकडं लिहिलं. ते त्याला वाचून दाखवलंस का, हेही सांग.

भाची


९ ऑक्टोबर

बाळ,

तुझ्यापुढे काही लपत नाही, हे मी ह्यांना सांगितलं होतं.

आठ सप्टेंबरला सकाळी हे एका दवाखान्याची पाटी लिहीत होते. मी चहा घेऊन गेले तर ब्रश खाली पडलेला आणि हे त्याच्याकडे बघत उभे. म्हणाले, उचलता येईना गं. मला वाटलं पाठ धरली. मग तोंडही जरासं वाकडं दिसलं तशी शेजाऱ्यांना हाक मारली. दहा दिवस हॉस्पिटलात होते. बोलणं सुधारलं, चालतात, एकटे फिरूनही येतात. उजवा हात मात्र खांद्यापासून पडल्यासारखा आहे. बोटांना काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, काही येईल, किती येईल ते सांगता येत नाही. हे व्यायामाला जात नाहीत. म्हणतात, हात हलवून काय करू, तो बघायचंच विसरलाय. रंगाचे डबे मला माळ्यावर ठेवायला लावले आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात.

तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. म्हणाले, ती हात बघणारी आहे, तिला माझ्यात दुसरं काही दिसणारच नाही.

तुझं ते रागाचं पत्र मी वाचून दाखवलं. ऐकल्यावर म्हणाले, बरं झालं, रागावू दे, रागावलेली परवडली.

शपथ मोडली. आता तू ये.

मामी


२४ ऑक्टोबर

मामा,

परवाच्या भेटीत आपण जेमतेम दहा वाक्यं बोललो असू. तू हात उशीखाली दडवून बसला होतास. मी हात मागितला नाही, पाय मागितले. तू म्हणालास, घे, डिग्री वसूल कर. त्यानंतर तास-दीड तास तू भिंतीकडे बघत होतास आणि मी तुझ्या टाचांकडे, आणि मला त्यातच इतकं बरं वाटलं की येताना बसमध्ये रडायचं राहूनच गेलं.

आता छताबद्दल. केलं. पाच दिवस. खरवडलं, लांबी भरली, घासलं, अस्तराचे दोन हात दिले, एक आडवा, एक उभा. आंब्याच्या झाडाची फांदी आणून समोर ठेवली आणि पान न् पान तसं काढलं, गडद हिरवं, चकाकतं, शिरा खोल. शिडीवरून दिसत होतं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या, बरंय की.

काल खोली उघडली. पहिले टेलरकाका. आडवे झाले, वर बघितलं, आणि थोड्या वेळाने डोळे मिटून घेतले. मी विचारलं तर म्हणाले, छान आहे हो. मी पाठीला हात लावला तर पाठ लाकडासारखी. त्यांचा श्वास काल उतरलाच नाही. मग त्या तळहातवाल्या बाई. त्या स्पष्ट म्हणाल्या, अंगावर येतंय, काहीतरी पांघरूण घातल्यासारखं, जड. तिसऱ्याने मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी मी स्वतः टेबलावर पडले. खरंच जड आहे. काय चुकलं ते कळत नाही. पान बरोबर आहे, रंग बरोबर आहे, तरी झाड होत नाही. मोठ्या सिस्टरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. एक तारखेला पांढरा.

मामा, मला तुझा हात नकोय. हात माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्ही तू घडवलेले. मला तुझे डोळे हवेत. शनिवार-रविवार खोली रिकामी असते. तू फक्त टेबलावर आडवा पड आणि काय चुकलंय ते सांग. मग घरी जाऊन हवं तितकं भिंतीकडे बघ, मी एक शब्द बोलणार नाही.

तुझी डिग्री


३० ऑक्टोबर

मामी,

मामा सुखरूप पोचला असेल. डब्यातलं सगळं संपवलंन् की नाही, विचार त्याला. मी इथे अजून जमिनीवर आलेली नाही. तुला सगळं सांगितल्याशिवाय येणारही नाही.

स्टँडवरून आणलं तर तो आधी आमच्या दारावरच्या पाटीपुढे उभा राहिला. म्हणाला, हे ज्याने लिहिलं त्याला झटका माझ्याआधी आला असणार. झटका हा शब्द त्याने स्वतःहून उच्चारला, त्यातच मला अर्धं मिळालं. आत येऊन उभ्याने छत बघितलं. पानं चांगली उतरलीत, म्हणाला. मी म्हटलं, उभ्याने नाही, आडवा हो. त्याने टेबलाकडे असं बघितलं जणू मी चितेवर चढायला सांगितलंय. पण चढला. मी त्याचा उजवा हात उचलून शेजारी उशीवर ठेवला. त्याने ठेवू दिला.

तो छत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत गेला. मग म्हणाला, “अगं, हे झाड नाही. हा पाल्याचा ढीग आहे, आणि मी त्याच्याखाली आहे.”

तेवढ्यात टेलरकाका आले. त्यांना रंगारी मामांना बघायचंच होतं, म्हणून वॉर्डातल्या मावशींकडून चाकाची खुर्ची ढकलवत आले. मामा पडल्या पडल्या त्यांना म्हणाला, अहो, तुम्ही सांगितलेलं अस्तर पोरीने नीट दोनदा दिलंय, कुठे बिघडलं कळत नाही. काका म्हणाले, कुठाय अस्तर? मला तर दिसलं नाही. मामा म्हणाला, दिसेल कसं, रंगाखाली आहे. दोघे एकमेकांकडे असे बघायला लागले की मला वाटलं आता भांडण. मग काका स्वतःच्या सदऱ्याची कड उलटी करून दाखवत म्हणाले, “अस्तर हो, अस्तर. कपड्याची आतली बाजू. झाडाखाली निजलेल्याला पानाची वरची बाजू कधी दिसते का? ती पाखरांसाठी. आपल्या वाट्याला येतं ते अस्तर.”

मामी, अडीच महिने तो एक शब्द आमच्यात फिरत होता. टेलर म्हणत होता पानाची पाठ, रंगारी ऐकत होता खालचा हात, आणि मी अगदी मन लावून दोघांचं ऐकत होते. मी पानं वरून काढली होती. पाखराने बघावीत तशी. म्हणूनच ती सगळी अंगावर कोसळत होती.

मामा आधी हसला. पोट धरून, म्हणजे डाव्या हाताने पोट धरून. मग एकदम थांबला आणि म्हणाला, “चाळीस वर्षं मी अस्तर झाकण्यात घालवली, आणि हा माणूस म्हणतो तेच दाखवा.”

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही मागच्या अंगणातल्या झाडाखाली जाऊन चादरीवर पडलो, मी आणि मामा. मोठ्या सिस्टर वरच्या खिडकीतून बघत होत्या, बघू दे. पानाची पाठ फिकी असते. शिरा तिथे खोल नसतात, वर आलेल्या असतात. आणि पान एकटं असलं की त्यातून उजेड गाळून खाली येतो. दोन एकावर एक आली की गडद. तीन आली तर जवळजवळ काळं. बावीस वर्षं मी झाडांखालून चालतेय, मामी. मला वाटलं होतं मी बघते.

मग दोन दिवस तो टेबलावर आणि मी शिडीवर. तो एका जागेवरून सांगत होता, ओरडत होता, तू सांगितलेलं सगळं विसरून. तिथे दोनच ठेव. तिथलं उचल, उजेडाला वाट दे. हिरवा नाही गं बये, पिवळ्याला हिरवा दाखवून आण फक्त. मध्ये मध्ये मी खाली उतरायचे, हात पुसायचे, तेल घ्यायचे आणि त्याचा उजवा हात चोळायचे, बोटं एकेक करून. तो हाताकडे बघायचाच नाही. वर बघून बोलत राहायचा. मला कळेना की मी आत्ता रंगकाम करतेय की उपचार, आणि एका क्षणी कळलं की विचारायचीच गरज नाही.

आता जे सांगणार आहे ते तू त्याला विचार, मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. रविवारी दुपारी शेवटच्या कोपऱ्यासाठी रंग केला. बघायला कागद हाताशी नव्हता. त्याचा तळवा टेबलावर उघडा पडला होता, त्यावरच बोटाने ठिपका ठेवला आणि त्याला दिसेलसा वर धरला. तो म्हणाला, “थंड आहे.”

रंगालाही आपण थंड म्हणतोच, निळसर झाला की. मी विचारलं, “काय थंड आहे, मामा? रंग, की हाताला लागलं?” त्याने माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. म्हणाला, “थेंबभर पिवळा घाल.”

डॉक्टर म्हणाले होते काही येईल. ते माझ्या चोळण्याने येत नसतं, येतं तेव्हा आपोआप येतं, हे मला पाठ आहे. तरी तो ठिपका मी पुसला नाही.

आज सकाळी टेलरकाका पहिले. आडवे झाले. वर बघितलं. मी बाजूला उभी, बाटलीचं झाकण उघडायचं होतं. त्यांचा श्वास खांद्यातून छातीत आला आणि छातीतून पोटात उतरला, मी हात लावायच्या आधीच. मग म्हणाले, “शिलाई कुठेच दिसत नाही.” एवढंच. मोठ्या सिस्टर दारात होत्या. त्या तशाच परत गेल्या, पण जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार आतून बंद होतं, आणि टेबल करकरल्याचा आवाज आला.

भाची


८ नोव्हेंबर

डिग्री,

ही अक्षरं डाव्या हाताची आहेत. चार दिवस लागले. हसलीस तर मला इथे कळेल.

मामीने तुझा प्रश्न विचारला. तिला काही सांगितलं नाही, तुला सांगतो. मी रंगाबद्दल बोलत होतो. हाताला काही कळलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता की ‘हाताला’ म्हणून टाकावं असं वाटलं. पण रंगाच्या बाबतीत मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही, म्हणून पिवळा सांगितला.

बसमध्ये मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या दोन दिवसांत मला हात नाही हे मी विसरलो होतो. सात आठवडे झोपेतसुद्धा विसरलो नव्हतो. तुझ्या टेबलावर पडून मी छत रंगवत होतो, आणि मला एकदाही असं वाटलं नाही की रंगवणारा दुसरा कुणी आहे. हे तेलाने झालं की रंगाने, मला कळत नाही. तुला कळत असेल तर सांगू नको.

व्यायामाला जायला लागलो. तिथली मुलगी तुझ्याच वयाची आहे, तुझ्याइतकीच छळते. काल अंगठा हलला. ती म्हणते हलला, मी म्हणतो वारा आला असेल.

आता कामाचं. तुमच्या खोलीबाहेर लांब व्हरांडा आहे. ऑपरेशनला नेतात ती स्ट्रेचर तिथूनच जाते, मी दोन दिवसांत आठ मोजल्या. त्यावरचा माणूसही उताणाच असतो, आणि त्याला आपल्या पेशंटपेक्षा जास्त भीती वाटत असणार. तिथलं छत कोरं आहे. मोठ्या सिस्टरांना विचार. चालत्या माणसाला झाड कसं दिसतं त्याचा मी विचार करतोय, पानं सरकली पाहिजेत.

रंगवशील तू. शिडी मी धरीन. डाव्या हाताने धरता येते. घरी धरून बघितली, मामी माळ्यावर चढली होती, डबे काढायला.

मामा